एक ओळ बदलली की तीन फोल्डर तुटतात: थर जागेवर, बाण उलटे

सॉफ्टवेअरचे थर चुकीच्या दिशेने एकमेकांवर टेकलेले असणं, हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता कोड उघडायच्या आधीच ओळखू येतो. फोल्डर छान लावलेले असतात: कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी, मॉडेल. भिंतीवर एकावर एक चार आडव्या पट्ट्यांची आकृतीही असते. आणि तरी दराचा नियम बदलायचा म्हटलं की टीममधला सगळ्यात जुना माणूस म्हणतो, "आज शुक्रवार आहे, सोमवारी बघू."

उदाहरणाला दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर घेते, कारण त्यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. काम ऐकायला साधं आहे. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घालतो, काटा वजन देतो, दूध तपासणारा ॲनालायझर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) देतो, दरपत्रकातून दर निघतो, पावती छापली जाते. दहा दिवसांनी पशुखाद्य आणि उचल कापून बिल निघतं. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरायचा, त्यावरून दर वर-खाली. पण यात दोन यंत्रं आहेत, प्रिंटर आहे, डेटाबेस आहे, एसएमएस आहे आणि या सगळ्यांच्या मधोमध पैशाचा नियम बसलाय. थरांची रचना बिघडायला याहून सुपीक जमीन मिळणार नाही.

आधी लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- दरपत्रकाची टेस्ट चालवायला डेटाबेस चालू असावा लागतो. किंवा ॲनालायझर जोडलेला असावा लागतो. टेबलाच्या कोपऱ्यात एक मोडका ॲनालायझर "टेस्ट चालाव्यात म्हणून" कायमचा जोडून ठेवलेला मी पाहिलाय.
- डेटाबेसमधल्या कॉलमचं नाव बदललं आणि मोबाइलवरची पावतीची स्क्रीन कोरी झाली.
- पायथनमध्ये 'पार्शली इनिशिअलाइज्ड मॉड्यूल' असं म्हणणारा एरर येतो. मग कोणीतरी इम्पोर्टची, म्हणजे दुसऱ्या फाइलमधला कोड मागवणारी, ओळ फाइलच्या माथ्यावरून उचलून फंक्शनच्या पोटात ढकलतो आणि एरर गप्प होतो.
- स्प्रिंग बूट (जावाचं एक फ्रेमवर्क) २.६ वर नेल्यापासून ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. त्या आवृत्तीपासून बीन (फ्रेमवर्क स्वतः तयार करून जोडतं त्या वस्तू) एकमेकांत गोल अडकलेले असले तर ते आपणहून चालू दिले जात नाहीत. सेटिंगमधली एक ओळ टाकून ते परत चालू करता येतं, आणि बहुतेक जण तेच करतात.
- हायबरनेट (डेटाबेसमधल्या नोंदी जावाच्या वस्तू म्हणून देणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांना ओळखीचा 'लेझी इनिशिअलायझेशन'चा एरर, तोही स्क्रीन रंगवताना. म्हणजे डेटाबेसमधली वस्तू पायातल्या चपलांसकट देवघरापर्यंत आलीये.
- बिलावर एक रकाना वाढवायला आठ फाइलींत हात घालावा लागतो, आणि त्यातल्या सहा फाइली आलेली वस्तू नुसती पुढे ढकलतात.
- प्रकल्पातलं सगळ्यात जाड फोल्डर 'कॉमन'.

तक्रार फक्त "हळू चालतंय" अशी असेल तर ती बहुधा इथली नाही. आधी क्वेरी आणि इंडेक्स बघा.

बिघाड नेमका कुठे असतो

चार फोल्डर कोणीही करू शकतो. एका फोल्डरला दुसऱ्याचं नावसुद्धा ठाऊक नसतं, तेव्हा कुठे थर झाला म्हणायचा. ही कल्पना जुनी आहे. १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या तंत्रविद्यापीठातली 'टीएचई' ही ऑपरेटिंग सिस्टीम थराथरांनी कशी रचली ते मांडलं. त्यातली मला कामाची वाटणारी गोष्ट अशी, की खालचा थर पुरता तपासून झाल्यावर मगच त्याच्यावर पुढचा चढवला गेला. खालच्याला वरच्याचा पत्ता नव्हता, म्हणून तो एकटा तपासता आला. थरांचा सगळा फायदा त्या "एकटा तपासता आला" मध्ये आहे.

कचेरीच्या आणि व्यवहाराच्या सॉफ्टवेअरनी हीच आकृती उचलली, पण सगळ्यात खाली डेटाबेस ठेवला. बाण वरून खाली, म्हणून दराचा नियम डेटाबेसवर उभा. इथून घोळ सुरू होतो. काटा बदलतो, ॲनालायझर बदलतो, एसएमएसवाला बदलतो, डेटाबेसही एखाद्या वेळी बदलतो. दराचा नियमसुद्धा बदलतो, पण तो त्याच्या स्वतःच्या कारणाने, संचालकांच्या बैठकीत. जे उठसूट बदलतं त्याच्यावर पैशाचा हिशेब टेकवून ठेवला, तर प्रत्येक यंत्राबरोबर तो हलणार.

म्हणून नंतर लोकांनी आकृती उलटवली. ॲलिस्टर कॉकबर्न यांनी २००५ मध्ये लिहून काढलेली षटकोनी रचना असो की जेफ्री पालेर्मो यांनी २००८ मध्ये मांडलेली कांद्याच्या पाकळ्यांची; नावं वेगळी, पण बाण एकाच दिशेने, बाहेरून आत. आत नियम, बाहेर यंत्रं, डेटाबेस, स्क्रीन.

आता ज्या एका गोष्टीवर दर वेळी गाडी अडते ती. बाण दोन प्रकारचे असतात. एक कॉलचा: प्रोग्राम चालू असताना कोण कोणाला हाक मारतो. दुसरा इम्पोर्टचा: कोड लिहिताना कोणाला कोणाचं नाव माहीत असावं लागतं. दर काढणारा कोड चालताना फॅट विचारतो, म्हणजे कॉल आतून बाहेर यंत्राकडे जातो. तो तसाच जाणार, त्याला इलाज नाही. इम्पोर्ट मात्र बाहेरून आत आला पाहिजे: यंत्राच्या कोडला नियमाचं नाव माहीत, नियमाच्या कोडला यंत्राचं नाही. "कॉल तिकडे जातो तर इम्पोर्टही तिकडेच जाणार ना?" असं वाटतं, आणि ते चुकीचं आहे. हे दोन बाण एकमेकांपासून सोडवता येतात. कसे, ते चौथ्या आणि आठव्या तपासणीत.

पहिली तपासणी: इम्पोर्टच्या ओळी वाचा. पंधरा मिनिटं, खर्च शून्य.

नियमांचं फोल्डर उघडा. तुमच्याकडे ते 'डोमेन', 'कोअर' किंवा 'मॉडेल' नावाने असेल. संपूर्ण फोल्डरवर एक साधा शोध लावा: फ्रेमवर्कचं नाव, डेटाबेस लायब्ररीचं नाव, एचटीटीपी, जेसन, सिरीयल पोर्ट. जितक्या ओळी सापडतील त्या कागदावर उतरवा. खरंच कागदावर. चौकोन काढा, बाण काढा, उलटे बाण लाल करा.

सुरुवात इथून, कारण भिंतीवरची आकृती कोणीतरी कधीतरी मनातली इच्छा म्हणून काढलेली असते. इम्पोर्टची ओळ आत्ता काय आहे ते सांगते. निम्म्या वेळा मला पुढच्या तपासण्यांची गरजच पडत नाही. लाल बाण दोन-तीनच असतात आणि त्यातला एक सगळ्या बोंबेचं कारण असतो.

एक सूट. मॉडेलच्या वर्गावर डेटाबेसचं ॲनोटेशन (कोडवर चिकटवलेली सूचनेची चिठ्ठी) लावलंय म्हणून लगेच कपाळावर हात मारू नका. तो उलटा बाण आहे हे खरं, पण छोट्या प्रकल्पात मी तो कित्येकदा तसाच राहू देते. वर्ग दोन-दोन करायचे आणि त्यांच्यात माल इकडून तिकडे भरत बसायचं, ही किंमत कधी कधी दुखण्यापेक्षा मोठी असते. तोच वर्ग स्क्रीनपर्यंत जात असेल तर मात्र सूट नाही.

दुसरी तपासणी: बाहेरचं उचलून बाजूला ठेवा. अर्धा तास.

नवी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी प्रत, काढा. डेटाबेसचं, स्क्रीनचं आणि यंत्रांचं फोल्डर प्रकल्पाबाहेर हलवा. आता फक्त नियमांचं फोल्डर कंपाइल करून बघा. पायथन किंवा जावास्क्रिप्ट असेल तर त्यातली प्रत्येक फाइल एकेकटी लोड करून बघा.

जे एरर येतील तीच तुमची कामाची यादी. पहिल्या तपासणीत नजरेतून सुटलेलं इथे सुटत नाही. वडीलवर्गात दडलेला इम्पोर्ट, एकाच पॅकेजमध्ये असल्यामुळे इम्पोर्टची ओळच न लागलेला वर्ग, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडून आलेली लायब्ररी, सगळं वर येतं. दोनशे एरर आले तर घाबरू नका, बहुतेक सगळे पाच-सहा नावांभोवतीच फिरत असतात. नावांची मोजणी करा, एररची नको.

काम झालं की ब्रँच टाकून द्या. उत्साहात तिथेच दुरुस्ती सुरू करू नका.

तिसरी: 'कॉमन', 'युटिल', 'हेल्पर'

घरात एक कपाट असतं, कुठे ठेवायचं ते न सुचलेलं सगळं त्यात जातं. या फोल्डरचं तसंच आहे. सगळे थर 'कॉमन'ला इम्पोर्ट करतात आणि 'कॉमन' गुपचूप डेटाबेसला इम्पोर्ट करतं. झाला नियम डेटाबेसला चिकटलेला, आणि आकृतीत मात्र बाण अगदी सरळ दिसतो. 'कॉमन'मधून बाहेर जाणारे इम्पोर्ट शोधा. भाषेच्या मूळ लायब्ररीखेरीज तिथे काही असू नये. जे असेल ते ज्याच्या मालकीचं त्याच्या घरी पाठवा.

चौथी: इंटरफेसचं घर कोणतं आणि भाषा कोणाची?

मी निस्तरलेल्या बिघाडांत सगळ्यात जास्त हाच. टीमने वाचलेलं असतं की मध्ये इंटरफेस घालायचा, म्हणजे काय मागता येईल एवढंच सांगणारा, ते कसं होईल ते न सांगणारा करार. घालतातही. आणि तो ठेवतात कुठे, तर यंत्राच्या फोल्डरात, यंत्राच्या वर्गाच्या शेजारी. 'ॲनालायझर' हा इंटरफेस आणि तो प्रत्यक्षात पुरा करणारा 'ॲनालायझरइम्प्ल' हा वर्ग, दोघं एकाच पॅकेजमध्ये गुण्यागोविंदाने. मग नियमाला तो इंटरफेस वापरायला यंत्राचंच फोल्डर इम्पोर्ट करावं लागतं. बाण होता तिथेच राहिला, मध्ये एक फाइल वाढली.

इंटरफेस ज्याला गरज आहे त्याच्या घरात राहतो. पुरवणारा बाहेरून येऊन तो पुरा करतो.

आधी असं होतं:

दरसेवा ──▶ ॲनालायझर (इंटरफेस, यंत्रांच्या फोल्डरात) ◀── सिरीयलॲनालायझर

आता असं हवं:

दरसेवा ──▶ दूधतपासणी (इंटरफेस, नियमांच्या फोल्डरात) ◀── सिरीयलॲनालायझर

दोन्ही ओळींत बाण अगदी सारखे दिसतात, म्हणूनच आकृतीवर हा बिघाड सापडत नाही. फरक फक्त मधली पेटी कोणाच्या अंगणात आहे एवढाच. पहिल्या ओळीत यंत्रांचं फोल्डर काढून टाकलं तर दरसेवा कोसळते, दुसऱ्या ओळीत तिला पत्ताही लागत नाही.

घर बदललं तरी काम अर्धंच झालं. आता इंटरफेसची भाषा बघा. मी एक इंटरफेस पाहिला होता, नियमांच्या फोल्डरात अगदी शिस्तीत ठेवलेला. त्यातली पद्धत म्हणे 'पोर्टवरून वाच' आणि परत देणार बाइटची रांग. घर नियमाचं, बोली यंत्राची. अशाने फॅट कुठल्या बाइटपासून सुरू होतं ते नियमाला कळावं लागतं, म्हणजे बाण अजून उलटाच, फक्त इम्पोर्टमध्ये दिसत नाही. संकलन केंद्रावरचा माणूस जे बोलेल ते त्या इंटरफेसमध्ये असावं: 'या नमुन्याचं फॅट आणि एसएनएफ दे'. डेटाबेसच्या बाजूलाही हेच. परत येणारी वस्तू 'रिझल्टसेट' (डेटाबेसच्या क्वेरीचा कच्चा निकाल) असेल, पानांची गणती करणारा फ्रेमवर्कचा वर्ग असेल किंवा पद्धतीला एसक्यूएलचा तुकडा द्यावा लागत असेल, तर भाषा चुकलीये. 'या उत्पादकाच्या या दहा दिवसांच्या नोंदी दे' ही भाषा बरोबर.

स्वतःला एक प्रश्न विचारून बघा: उद्या ॲनालायझर बंद पडला आणि केंद्रचालकाने वहीतून वाचून आकडे हाताने भरले, तर हा इंटरफेस तसाच चालेल का?

उलट टोकही सांगून ठेवते. प्रत्येक वर्गाला एक इंटरफेस आणि त्याच्या मागे एकुलता एक 'इम्प्ल', असं झालेले प्रकल्प वाचताना माणूस दमतो. जिथे नियम आणि बाहेरचं जग भेटतं तिथेच इंटरफेस हवा. नियम नियमाला थेट बोलावू दे.

पाचवी: इम्पोर्टमध्ये न दिसणारे बाण. एक-दोन दिवस.

इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं आणि लक्षणं तशीच आहेत, तर बाण लपलेले आहेत. मी ज्या क्रमाने शोधते तो क्रम देते.

घड्याळ. नियमाच्या आत 'आत्ता किती वाजले' असा थेट प्रश्न विचारला असेल तर सकाळचं संकलन आणि संध्याकाळचं संकलन यांची टेस्ट दिवसाच्या ठरावीक वेळीच पास होते. वेळ बाहेरून आत द्या.

सेटिंग. नियम स्वतः उठून सेटिंगची फाइल वाचतो. ती न सापडल्यावर काही ठिकाणी शून्य धरतो. दर शून्य. पुढचं सांगायला नको.

एसक्यूएल. याला सगळे दचकतात. क्वेरीत किंवा स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये (डेटाबेसच्याच आत साठवलेल्या कोडमध्ये) 'फॅट ३.५ पेक्षा कमी असेल तर इतकं वजा' अशी ओळ असते, आणि कोडमध्येही तसलाच नियम असतो, थोडा जुना. दोन दर, दोन जागा. बिल एका जागेवरून निघतं, पावती दुसऱ्या. उत्पादक पावती आणि बिल शेजारी-शेजारी धरून उभा राहतो, आणि त्याचंच बरोबर असतं. शोधायला सोपं आहे: सगळ्या एसक्यूएल फाइलींत आणि डेटाबेसमधल्या प्रोसीजर, ट्रिगर, व्ह्यू यांत 'केस' (एसक्यूएलमधला 'जर') आणि आकडे शोधा. बेरीज-गटवारी डेटाबेसने करावी, त्याला ते छान येतं. दर मात्र त्याने ठरवू नये.

यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी बोलणारा कोड. हा माझा स्वतःचा चटका. काटा किलोत वजन देतो आणि बिल लिटरवर निघतं. दूध पाण्यापेक्षा जरा जड, एका लिटरचं वजन साधारण १.०३ किलो. म्हणून किलोला १.०३ ने भागायचं. हा भागाकार व्यवहाराचा नियम आहे, तो कागदावर ठरलेला असतो. आमच्याकडे तो काट्याच्या ड्रायव्हरमध्ये होता, कोणीतरी फार पूर्वी सोयीने घातलेला. नवा काटा आला, नवा ड्रायव्हर लिहिला. तो मीच लिहिला. वजन व्यवस्थित येत होतं, सगळ्या टेस्ट हिरव्या. फक्त १०० किलो दुधाचे ९७.०९ लिटर व्हायचे ते आता १०० लिटर होत होते. ३० रुपये दर धरला तर दर शंभर किलोमागे ८७ रुपये जास्त. तक्रार कोण करणार? उत्पादक खूश होते. हिशेबनीसाच्या लक्षात आलं ते टँकरच्या नोंदीशी ताळा घेताना.

नियम बाहेरच्या थरात जाऊन बसला की असं होतं. आपण नेहमी 'आतल्यात बाहेरचं काही शिरलंय का' एवढंच बघतो. 'बाहेरच्यात आतलं काही राहून गेलंय का' हेही बघा. ड्रायव्हर, कंट्रोलर, स्क्रीन यांच्या कोडमध्ये गुणाकार, भागाकार आणि 'जर' शोधा. आकडा दिसला की विचारा: हा यंत्राचा आकडा की व्यवहाराचा? पोर्टचा वेग यंत्राचा. १.०३ व्यवहाराचा.

शेवटचा लपलेला बाण म्हणजे दोन सॉफ्टवेअरमध्ये वाटून घेतलेला टेबल. अकाउंटचं पॅकेज तुमच्याच टेबलमधून परस्पर वाचत असेल तर कुठल्याही इम्पोर्टमध्ये ते दिसणार नाही. डेटाबेसच्या युजरची यादी बघा, कोण-कोण जोडलंय ते कळतं.

सहावी: गोल शोधा

अ ला ब लागतो, ब ला क, क ला परत अ. यात थर कोणता हा प्रश्नच निरर्थक होतो, कारण तिघं मिळून एकच गोळा झालाय. काही भाषा हे होऊच देत नाहीत: गो ही भाषा गोल इम्पोर्ट असलेलं पॅकेज कंपाइलच करत नाही, जावाचे प्रकल्प बांधणाऱ्या मेव्हनला मॉड्यूलमधला गोल चालत नाही, डॉटनेटमध्ये प्रोजेक्टचे संदर्भ गोल करता येत नाहीत. जावाचा कंपायलर मात्र पॅकेजमधले गोल निमूटपणे गिळतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये कधी कधी फक्त 'अनडिफाइन्ड' हाती येतं, तेही फाइली कोणत्या क्रमाने लोड झाल्या त्यावर.

साधनं फुकट आहेत. जावासाठी जेडीकेबरोबरच येणारं 'जेडेप्स', जावास्क्रिप्टसाठी 'मॅज' किंवा 'डिपेन्डन्सी-क्रूझर', पायथनसाठी 'इम्पोर्ट-लिंटर'.

गोल सापडला की इम्पोर्ट फंक्शनच्या आत ढकलणं, 'लेझी' ॲनोटेशन लावणं, सेटिंग ढिली करणं, ही सगळी वेदनाशामक गोळी. रात्री अकरा वाजता केंद्र बंद पडलं असेल तर जरूर घ्या, मीही घेते. पण दुसऱ्या दिवशी त्याच गोळीवर प्रकल्प चालवू नका. दोघांना जे तिसरं हवंय ते आतल्या थरात काढा, किंवा मुळात ते दोघं एकच आहेत हे मान्य करून त्यांना एकत्र आणा. दुसरा उपाय लोकांना सुचत नाही. वेगळं केलेलं परत जोडणं म्हणजे हार, असं वाटतं बहुतेक.

सातवी: राखणदार बिल्डमध्ये बसवा

दुरुस्ती केली आणि राखण बसवली नाही तर थोड्याच दिवसांत तुम्ही परत इथेच. शक्य असेल तर नियमांचं फोल्डर वेगळं मॉड्यूल करा आणि त्याच्या डिपेन्डन्सीच्या (त्याला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररींच्या) यादीत फ्रेमवर्क घालूच नका. मग चुकीचा इम्पोर्ट लिहिणाऱ्याला कंपायलरच अडवतो, रिव्ह्यूत भांडावं लागत नाही. गोमध्ये 'इंटर्नल' नावाच्या फोल्डरला हा पहारा भाषेनेच दिलाय. मॉड्यूल करणं जमत नसेल तर जावात 'आर्कयुनिट', डॉटनेटमध्ये 'नेटआर्कटेस्ट', पायथनमध्ये वर सांगितलेलं 'इम्पोर्ट-लिंटर' यांत थरांचा नियम टेस्टसारखा लिहिता येतो.

जुन्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी शेकडो चुका दिसतील आणि कोणीतरी टेस्टच बंद करेल. तसं होऊ नये म्हणून आहेत त्या चुका गोठवा. आर्कयुनिटमध्ये त्यासाठी खास सोय आहे. जुन्या माफ, नवी एकही नाही.

आठवी: बाण फिरवणं. सगळ्यात महाग, म्हणून शेवटी.

आधी आजचं वागणं पकडून ठेवा. एका केंद्राचं एका दहा दिवसांचं खरं बिल घ्या, उत्पादकांची नावं पुसा, नोंदी आणि रक्कम फाइलमध्ये साठवा. सकाळ-संध्याकाळ धरून प्रत्येकाच्या वीस नोंदी. फेरफार करताना प्रत्येक पावलाला जुनी आणि नवी रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे. पैसा न पैसा जुळवायचं कारण असं, की नोंद-नोंद पूर्णांकित करून बेरीज केली आणि बेरीज करून मग पूर्णांकित केलं, तर उत्तरं वेगळी येतात, आणि थर हलवताना ही ओळ हमखास सरकते.

मग एकच बाण निवडा, सर्वात जास्त छळणारा. नियमांच्या घरात नियमाच्या भाषेत इंटरफेस लिहा. यंत्राच्या वर्गाला तो पुरा करायला लावा. नियमाने तो वर्ग स्वतः तयार करायचा नाही, बाहेरून हातात घ्यायचा. टेस्टमध्ये त्याच्या जागी 'फॅट ३.५, एसएनएफ ८.५' एवढंच सांगणारा पाच ओळींचा खोटा वर्ग द्या. ज्या दिवशी कोपऱ्यातला मोडका ॲनालायझर काढून टाकता येतो, त्या दिवशी बाण फिरला.

सगळ्यांना एकमेकांशी जोडून देणारी एक फाइल उरते, ॲप्लिकेशन जिथून सुरू होतं ती. तिच्यात सगळ्या थरांचे इम्पोर्ट असतात आणि नवे लोक तिला बघून "हे तर सगळे नियम मोडतंय" म्हणतात. तिला ते माफ आहे. लग्न जमवणाऱ्याला दोन्ही घरं माहीत असावीच लागतात. फक्त तिला कोणी इम्पोर्ट करत नाही ना, एवढं बघा.

अहवालांच्या बाबतीत माझं मत जरा सैल आहे. महिन्याचा संकलन अहवाल स्क्रीनवरून थेट डेटाबेसमधून वाचला, मधले थर ओलांडून, तर माझी हरकत नसते. वाचण्यात नियम नसतो. त्यात दर काढायला लागलात की हरकत सुरू.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

जुनी आणि नवी रक्कम एका रुपयाने जरी वेगळी येत असेल आणि दोन दिवसांत कारण सापडत नसेल, तर थांबा. कोड मागे घ्या. हे काम व्यवहाराचे नियम तोंडपाठ असलेल्या हिशेबनिसाशेजारी बसून करायचं असतं.

बाण फिरवताना ट्रॅन्झॅक्शनच्या (एकत्रच पूर्ण व्हायला हव्या अशा बदलांच्या गटाच्या) सीमा हलत असतील, म्हणजे आधी नोंद आणि खातं एकत्र सेव्ह व्हायचं आणि आता दोन वेगळ्या ठिकाणी होतंय, तर थांबा. एक झालं आणि दुसरं राहिलं अशी अवस्था टेस्टमध्ये दिसत नाही, वीज गेल्यावर दिसते. असं काम आधी केलेला आर्किटेक्ट किंवा डेटाबेसचा माणूस हवा.

पैशाचा नियम स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये आहे आणि तो लिहिणारा सोडून गेलाय. टेबल दुसरं सॉफ्टवेअरही वापरतंय. चालू डेटाची रचना बदलायला लागणार आहे. यातलं काहीही असलं तरी एकट्याने हात घालू नका. काट्याच्या किंवा ॲनालायझरच्या कंपनीने दिलेल्या बंद लायब्ररीत गडबड वाटत असेल तर त्यांच्याच तंत्रज्ञाला बोलवा, तिच्या पोटात शिरून दुरुस्ती करायला जाऊ नका.

आणि बोलावलेल्या माणसाच्या हातात पहिल्या तपासणीचा लाल बाणांचा कागद, दुसऱ्या तपासणीतली नावांची मोजणी आणि ती वीस-वीस नोंदींची फाइल द्या. भिंतीवरची आकृती नाही दिली तरी चालेल.